बिनधारेचा सुरा

एखादा सभ्य गृहस्थ लिफ्टमध्ये कापडी पिशवीतून वीतभर लांब सुरा काढेल आणि तो स्वतःच्याच तळहातावर करवतीसारखा घासून दाखवेल, असं करंजाड्यात फ्लॅट घेताना मला कोणीही सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो. ट्यूशनवाल्या मॅडम कोपऱ्यात सरकल्या, पाव-अंडी घेऊन आलेला माणूस अंडी छातीशी धरून उभा राहिला. धुमाळकाकांनी तळहात सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "बगा. साधा ओरखडा न्हाई." मग सुरा नॅपकिनात गुंडाळून पुन्हा पिशवीत गेला, मेथीच्या जुडीशेजारी. सुरा कापत नाही म्हणून आपण निश्चिंत व्हायचं, की कापत नसलेला सुरा बाळगणाऱ्या माणसाची जास्त काळजी करायची, हे आमच्यापैकी कोणालाच कळेना. चौथा मजला आला आणि काका उतरले.

मीही उतरलो, कारण मी त्यांचा शेजारी. ते चारशे दोन, आम्ही चारशे तीन.

काका मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी तळोज्याला, एका केमिकल कंपनीच्या क्वालिटी खात्यात. माल आला की तपासायचा आणि 'पास' किंवा 'पास न्हाई' एवढंच म्हणायचं. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी हा शिक्का त्यांच्या तोंडातून गेलेला नाही. सोसायटीने वॉचमनसाठी शिट्टी आणली तेव्हा काकांनी तीन शिट्ट्या मागवून तिन्ही स्वतः फुंकून पाहिल्या आणि दोन परत पाठवल्या. लिफ्टमधला नवीन आरसा त्यांनी नापास केला, कारण त्यात त्यांचं कपाळ मोठं दिसत होतं. आमच्या सत्यनारायणाचा प्रसाद त्यांनी आधी बोटावर घेऊन उजेडात धरला, मग खाल्ला आणि "पास" म्हणाले. माझी बायको स्मिता त्यानंतर दोन दिवस हवेत होती. तिच्या शिऱ्याला माझ्याकडून असं प्रमाणपत्र कधी मिळालेलं नाही.

काकू अगदी वेगळ्या. कमी बोलणाऱ्या, हसऱ्या. सकाळी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालताना दिसायच्या, कधी स्मिताला थालीपीठ आणून द्यायच्या. संध्याकाळी मात्र त्या अलीकडे बाहेर येईनाशा झाल्या होत्या. गुडघे दुखत असतील असं आम्ही आपलं ठरवून टाकलं. शेजारी राहणं म्हणजे काय, तर असं परस्पर ठरवून टाकणं.

तर सुऱ्याची गोष्ट सुरू झाली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्ये एक-दोन चोऱ्या झाल्या होत्या, म्हणून सेक्रेटरींनी सतर्क राहण्याचा मेसेज टाकला. त्याखाली धुमाळकाकांचा मेसेज आला: 'स्वसंरक्षणासाठी सुरा घेणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.'

आमच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं तर कोणी बोलत नाही. सुऱ्यावर मात्र सगळे जाणकार निघाले. बी विंगमधल्या जिमवाल्या पोराने घडीचा चाकू चांगला म्हणून सांगितलं. एका मावशींनी सुऱ्यापेक्षा मिरचीपूड बरी असं कळवलं, वर कुठल्या गिरणीतली तिखट असते तेही लिहिलं. तळमजल्यावरच्या वकिलांनी असलं हत्यार घेऊन हिंडणं कसं अंगाशी येईल यावर लांबलचक मजकूर टाकला. त्यातच कोणीतरी गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ केलं, दुपारी दोन वाजता.

काकांनी सगळ्यांना हात जोडले आणि खुलासा केला: 'सुरा दिसायला मोठा व भीतीदायक असावा. वजनाला हलका. मूठ लहान हातात बसणारी. आणि कापता कामा नये.'

मी तो मेसेज तीनदा वाचला. स्मिताने चौथ्यांदा वाचला आणि म्हणाली, "टायपिंग चुकलं असेल." मी शेजारी जाऊन विचारलं. टायपिंग चुकलं नव्हतं.

मला नसत्या भानगडीत पडायची आवड आहे, हे स्मिताचं मत आहे आणि ते बरोबर आहे. रविवारी मी काकांना स्कूटरवर बसवून पनवेलच्या बाजारात नेलं. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत सहा टोमॅटो. टोमॅटो कशाला, असं विचारल्यावर ते म्हणाले, "माल तपासल्याबगर घ्यायचा नस्तो, संदीपराव."

भांड्यांच्या दुकानात दुकानदाराने एक लांब सुरी काढून दिली. काकांनी टोमॅटो काउंटरवर ठेवला आणि सुरी नुसती टेकवली. टोमॅटोचे दोन भाग झाले. "पास न्हाई," काका म्हणाले. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईकाला आणखी धार हवी आहे. त्याने आतून दुसरी आणली. तिने टोमॅटोची इतकी पातळ चकती काढली की तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. काकांचा चेहरा आणखी पडला. दुकानदार इरेला पेटला. तो माळ्यावर चढला, खोकी उघडली, कागदात गुंडाळलेले सुरे काढले. काका जेवढे नाराज होत होते तेवढा तो जास्त धारदार माल काढत होता, आणि मी मध्ये उभा राहून कोणाला काय समजावून सांगू याचा विचार करत होतो, कारण मला स्वतःलाच काही समजलेलं नव्हतं. शेवटी काउंटरवर कोशिंबीर झाली. दुकानदाराने घाम पुसला आणि हळूच विचारलं, "काका, तुम्हाला नक्की मारायचंय कोणाला?"

"कुनालाच न्हाई," काका म्हणाले. "तेच तर सांगतोय."

मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, मग सरळ प्लास्टिकचा खेळण्यातला घ्या ना. ते म्हणाले, तो घेऊन झाला, फेकून दिला. कोणी फेकला, म्हणून विचारलं तर त्यांनी टोमॅटोच्या फोडी कागदात गोळा करायला सुरुवात केली. अखेर त्यांनी लाकडी मुठीचा एक भलामोठा चकचकीत सुरा घेतला. तो खाटकाच्या हातात शोभला असता. धारेचं आपण बघून घेऊ, असं ते वाटेत म्हणाले.

ते बघणं गुरुवारी झालं. आमच्याकडे सायकलवर धारवाला येतो. काकांनी त्याला गेटवर थांबवून सुऱ्याची धार काढायला सांगितली. त्याने सायकल स्टँडला लावली, पॅडल मारायला सुरुवात केली आणि सुरा चाकावर तिरका धरला. काकांनी त्याचं मनगट पकडून सुरा सरळ उभा केला. "लावायची न्हाई, काढायची. हाय ती घालवायची." धारवाल्याने पॅडल थांबवलं. तो माझ्याकडे बघू लागला, बहुधा मी घरचा शहाणा माणूस असेन असं समजून. मी खांदे उडवले. बापाच्या हाताखाली शिकल्यापासून इतक्या वर्षांत असलं काम कोणी सांगितलं नव्हतं, असं तो पुटपुटत राहिला. पण काकांनी हात जोडले तेव्हा त्याने ते केलं. धार गेली, टोकही गोल झालं. जाताना त्याने एवढंच सांगितलं, की हे माझं काम आहे असं कोणाला बोलू नका.

मग आठ दिवस काकांनी सुरा स्वतःजवळ बाळगला. त्याला ते 'ट्रायल' म्हणायचे. येताजाता, बसता-उठता तो कुठे टोचतो का, त्याने खरचटतं का, कानशीने आणखी काय घासायला हवं, हे ते बघत होते. बँकेच्या दारात सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली तेव्हा तिथेही तळहात घासून दाखवण्याचा कार्यक्रम झाला आणि पासबुक न भरताच त्यांना परत यावं लागलं. त्यानंतरचा प्रयोग लिफ्टमधला. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींचा मला फोन आला. काकांना समजावा, सुरा काढून घ्या, नाहीतर आम्हाला पोलिसांना कळवावं लागेल. मीच का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "सावंत, सुरा तुमच्या स्कूटरवरून आलाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी चारशे दोनपुढे गेलो. काका दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले होते. पायात चपला, शर्ट इस्त्रीचा. मी म्हटलं, चला, आत बसून बोलू. ते म्हणाले, "थांबा वाईच. आत्ता मी भाईर गेलेलो हाय."

हे वाक्य मी मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग मी सरळ सेक्रेटरींचा निरोप सांगितला. काकांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"सुरा आता माझ्यापाशी न्हाई. काल ट्रायल सपली. काकूला दिला."

"काकूंना? कशाला?"

"स्वसंरक्षनाला. तसं लिवलंच हुतं की ग्रुपवर."

"पण काका, कोणापासून?"

"माझ्यापासून," काका म्हणाले.

ते हसत नव्हते. मग जिन्यावर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. सात-आठ महिने झाले. सकाळी काकू ठीक असतात, नाव, गाव, भाजीत मीठ किती, सगळं लक्षात असतं. दिवेलागण झाली की काहीतरी सुटतं. घरात हा कोण म्हातारा शिरलाय, हे त्यांना कळत नाही. त्यांचे मालक म्हणजे चाळिशीतले, काळ्याभोर मिशांचे, तळोज्याला कामावर गेलेले. ते यायच्या आत या माणसाने काही केलं तर? एकदा त्या भाजीची सुरी घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि घाबरून ती इतकी घट्ट धरली, की स्वतःचंच बोट कापून घेतलं. काकांनी घरातलं धारेचं सगळं लपवलं, तर रिकाम्या हाताने रात्रभर थरथरत बसायच्या, पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. खेळण्यातला चाकू दिला. त्यांनी हातात घेतल्याबरोबर फेकला. सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेल्या बाईला लोखंडाचं वजन कळतं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, त्याने थोडा फरक होता. पण भीती होतीच.

"हातात काय असलं की शांत बसतीया. म्हंजी तिला भ्याव वाटू नये आन लागू बी नये. असला माल कुटं मिळंना, मग काय करणार?"

आणि ते रोज संध्याकाळी असे बाहेर येऊन बसत. थोड्या वेळाने, कामावरून आल्यासारखी बेल वाजवून आत जायचं. कधी कधी बेल वाजवून आलेला माणूस काकूंना ओळखीचा वाटायचा. कधी नाही.

मला लाज वाटली. ही लिफ्टमधली गोष्ट मी ऑफिसात ऐरोलीला रंगवून सांगितली होती, दोन वेगवेगळ्या टेबलांवर. मी विचारलं, मी येऊ का आत? ते म्हणाले, या, दुसरं माणूस असलं की ती जरा सैल होते.

काकू सोफ्यावर बसल्या होत्या. सुरा मांडीवर, त्यावर पदर. मला त्यांनी बसा भाऊ म्हटलं, ओळखलं की नाही ते सांगता येणार नाही. काकांना बघून पदराखालचा हात हलला आणि मुठीवर गेला. काका लांबच्या खुर्चीत बसले, अगदी काठावर, पाहुण्यासारखे. आपल्याच घरात त्यांनी पाणी मागून घेतलं. काकूंनी ते डाव्या हाताने आणून टीपॉयवर ठेवलं, उजव्या हाताने पदराखालचा सुरा तसाच धरून. आम्ही पाण्याच्या वेळांबद्दल बोललो. काकू ऐकत होत्या. हळूहळू त्यांचा हात मुठीवरून निघून गुडघ्यावर आला.

थोड्या वेळाने काका उठले आणि म्हणाले, "येतो मी."

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं. "येकलेच निगालासा?"

"व्हय."

"भाईर चोर फिरत्यात म्हनं." काकू उठल्या. त्यांनी सुरा पदराखालून काढला. मी अर्धवट उभा राहिलो. "ह्यो घिऊन जावा संगं. माझं काय, आमचं ह्ये यितीलच आता कामावरनं."

काकांनी हात पुढे केला. पण काकूंनी सुरा त्यांच्या हातात दिला नाही. त्या वाकल्या आणि तो टीपॉयवर ठेवला, मूठ काकांच्या बाजूला करून. "सुरा हातात देऊ नये," त्या म्हणाल्या. "भांडान हुतं. तुमचं-आमचं कशापायी भांडान?"

काकांनी टीपॉयवरून सुरा उचलला आणि नॅपकिनात गुंडाळला. गुंडाळायला त्यांना बराच वेळ लागला. मग दार ओढून घेऊन ते बाहेर गेले.

काकू रिकाम्या हातांनी सोफ्यावर बसल्या. थरथरत नव्हत्या. मला म्हणाल्या, "माणूस चांगला हाय तसा. रोज यितो बिचारा. घरी वाट बगनारं कुनी नसंल त्याच्या."

मी त्यांचा निरोप घेऊन दार उघडलं. काका तिथेच होते, दाराला अगदी लागून. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे पुसायला त्यांच्याकडे नॅपकिन तेवढा होता आणि त्यात सुरा होता, म्हणून त्यांनी बाहीने पुसले.

"संदीपराव," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता बेल मारू, का आनि पाच मिन्टं थांबू?"

मला काय कळणार? मी थांबू म्हटलं, आणि आम्ही दोघं त्यांच्या घराबाहेर उभे राहिलो.