स्वमूल्यांकन, घरच्यांच्या संमतीने

माणसाने स्वतःला ओळखावे, असे थोर मंडळी सांगून गेली आहेत. ओळखण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी, हे सांगायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले. ती उणीव मालाडच्या परब कुटुंबाने भरून काढली.

सुशांत परब, वय एक्कावन्न. लग्नकार्यात त्यांचा जीव घाबरा होई, कुकरच्या शिट्टीला ते कान झाकत, आणि समोरचा आपल्यावर का रागावला हे त्यांना तो निघून गेल्यावरही कळत नसे. आपल्यातच काहीतरी खोट आहे, असे ते जन्मभर धरून चालले होते. म्हणून मोबाइलवर 'प्रौढांमधील ऑटिझमची लक्षणे : स्वमूल्यांकन' ही पन्नास प्रश्नांची प्रश्नावली दिसली, तेव्हा त्यांना फार बरे वाटले. त्या खोटीला निदान नाव तरी मिळणार होते.

त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उघडली. इथेच चुकले. परबांकडे कुठलाही अर्ज एकट्याने भरत नाहीत. मेहुणे राजेश (सोसायटीचे सेक्रेटरी, सबब सर्व अर्जांतले जाणकार) यांनी फोन ताब्यात घेतला.

'समारंभ टाळता का?'

"ताईच्या लग्नात मी गच्चीवर टाकीमागे बसलो होतो," सुशांतराव म्हणाले.

"तो टाकीत पाणी आसा काय बघूक गेल्लो," मातोश्री शेवंतीबाईंनी खुलासा केला. "राजेशा, 'नाय' लिव."

'ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत का?'

"मी देते ना सगळं वेगवेगळ्या वाट्यांत!" पत्नी रुचिरा म्हणाली. "मग प्रश्न येतोच कुठे?" प्रश्न निकाली निघाला.

'आवाजाचा त्रास होतो का?' मालाडमध्ये तो सर्वांनाच होतो, यावर एकमत होऊन तिथेही 'नाही' पडले.

अठ्ठेचाळीस उत्तरे बहुमताने ठरली. उरलेली दोन सुशांतरावांवर सोपवण्यात आली (पैकी एक राजेशने नंतर सुधारले). एकूण गुण सात. बत्तिसाच्या वर पडल्यास डॉक्टरांना भेटावे, अशी तळटीप होती. शेवंतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"मी एकदा एकट्याने भरू का?" सुशांतरावांनी विचारले.

"आता कशाला? पास झालात ना!" रुचिरा अगदी मायेने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात बसून एकट्याने भरली. एक्केचाळीस. इतके हलके त्यांना कधीच वाटले नव्हते. पण ते सांगायचे कुणाला, हे काही सुचेना, कारण घरी निकाल लागून गेला होता.

हे वाचताना आपणही मनातल्या मनात ओळखीच्या एखाद्याची प्रश्नावली भरून टाकली असेल. गुणही दिले असतील. त्याला विचारायचे राहिले असेल, तर वाईट वाटून घेऊ नये. त्याला त्याची सवय आहे.