हारासाठी काढलेला फोटो

विझायला आलेली एक चांदणी भर दुपारी विट्याच्या नथोबा कासारांच्या स्टुडिओत आली आणि म्हणाली, मी गेल्यावर हार घालायला एक फोटो काढून ठेवा.

म्हातारी माणसं तेवढ्यासाठी येतातच. नथोबांनी तिला स्टुलावर बसवलं. "घरचं कोणी सोबत नाही आलं?"

"माझ्यामागं कोणी नाही. फोटो इथंच भिंतीवर राहू द्या. नाहीतर मी होते हे कोणाला कळायचं?"

तिचा उजेड फारच कमी झाला होता. नथोबांची सून वत्सला म्हणाली, "मामा, डिजिटलवर घेऊ. सेन्सरची नजर वाढवता येते." तिनं आयएसओ पार सहा हजार चारशेवर नेला, फोटो काढला आणि स्क्रीन चांदणीपुढं धरला. काळोखात नुसते ठिपकेच ठिपके. नजर फार ताणली की सेन्सरला नसलेलंही दिसायला लागतं.

चांदणी बराच वेळ बघत राहिली.

"यातली मी कुठली, पोरी?"

वत्सलानं कॅमेरा बंद करून बाजूला ठेवला.

मग नथोबांनी फ्रीजमधून जपून ठेवलेला रोल काढला. "ही फिल्म चारशेची. सेन्सरपुढं मंदच म्हणायची. शिवाय कमी उजेडाकडं बघत राहिली की दमते, आणखीच सावकाश बघते. फार वेळ बसावं लागेल, बाई."

"जन्मभर दुसरं काय केलंय?"

"आणि लुकलुकायचं नाही."

"सवय आहे हो ती."

"तेवढी आजच्या दिवस सोडा."

खिडक्या लावल्या, शटर उघडलं. चांदणी अंग आवरून बसली. तिला एकटं वाटू नये म्हणून वत्सला शेजारी जमिनीवर टेकली. बाहेर चहावाला हाका मारून परत गेला. चांदणी हलली नाही. होता होता स्टूल रिकामं दिसायला लागलं.

"मामा, बंद करा आता. त्या गेल्या."

"थांब जरा. दमलेल्या फिल्मला उशिरा कळतं."

फोटोत मधोमध एकच ठिपका आला, जराही न हललेला. फ्रेमवाल्यानं विचारलं, "वरची बाजू कुठली?"

ते तिला विचारायचं राहूनच गेलं होतं.

म्हणून नथोबा रोज सकाळी हार काढतात, फोटो एक बाजू फिरवून लावतात आणि हार परत घालतात. चारातल्या एका दिवशी तरी ती सरळ बसलेली असते.