बिनमापाचं भविष्य

सकाळी साडेसातला आमच्या खालच्या दुकानात टीव्ही लागतो. त्यावर एक गृहस्थ राशिभविष्य सांगतात आणि हमीद मास्टर शिलाई मशीनवरून मान न उचलता त्यांना उत्तरं देतात.

"आपण वरून कठोर दिसता, पण मनाने हळवे आहात," टीव्ही म्हणतो.

"फ्री साईज," मास्टर म्हणतात.

"जवळच्या माणसांनी आपली कदर केली नाही."

"फ्री साईज. इलॅस्टिकवालं."

"आज प्रवासात काळजी घ्या."

इथे मात्र मशीन थांबतं. "अहो, पुण्यात राहतो आम्ही. त्याला शनी कशाला लागतो, खड्डे पुरेत."

मास्टरांचं टेलरिंगचं दुकान भवानी पेठेत आहे आणि त्याच्या वरच्या खोलीत आम्ही तीन मुली भाड्याने राहतो. मी लोणी काळभोरची, कॉलेज नदीपलीकडे डेक्कनला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे आपलं काही चुकेल या भीतीने मी फारसं बोलत नाही. मास्टरांपुढे तशीही कोणावर बोलायची वेळ येत नाही. तोंडात चार टाचण्या धरूनही हा माणूस अखंड बोलू शकतो.

जी गोष्ट कोणालाही बसते ती त्यांच्या लेखी 'फ्री साईज'. लग्नपत्रिका, शोकसभा, निवडणुकीतली भाषणं, सगळं ते याच टेपने मोजतात. आमच्या प्राचार्यांचं भाषण मी त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. 'तुम्ही देशाचं भविष्य आहात' या वाक्यावर ते म्हणाले, "हे मागच्या वर्षीच्या पोरांना पण सांगितलं असेल ना? मग ती कुठायत?" पण त्यांचा खरा राग भविष्य सांगणाऱ्यांवर. "माप न घेता बसणाऱ्या वस्तू दोनच. बायकांचा गाऊन आणि भविष्य. गाऊन निदान अंग तरी झाकतो."

एके दिवशी मानसशास्त्राच्या तासाला आमच्या मॅडमनी 'कोल्ड रीडिंग' शिकवलं. समोरच्याबद्दल काहीच माहीत नसताना सगळं माहीत असल्यासारखं बोलायचं, त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं वाक्य ठरवायचं. मी वर्गात बसल्या बसल्या उडालेच. हे तर मास्टर रोज सांगतात. कॉलेज सुटल्यावर मी जवळजवळ पळत दुकानात आले आणि वही उघडून त्यांना वाचून दाखवलं.

मास्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. त्याला इंग्रजी नाव आहे हे आज कळलं. बस खाली, तुझ्या मॅडमनी कच्चा टाका शिकवला का?"

कच्चा टाका त्यांनी शिकवला नव्हता. तो असा: आधी सैल टाका मारायचा. 'तुमच्या घरात र अक्षरावरून कोणीतरी आहे.' गिऱ्हाइकाने मान हलवली की पक्की शिलाई. नाही हलवली तर टाका उसवायचा. 'घरात नसेल, घरासारखं कोणी असेल. किंवा होऊन गेलं असेल.' एवढं झाल्यावर गिऱ्हाईक स्वतःच रमेशला शोधून आणतं. "आणि घरी जाऊन सांगतं काय, तर त्यांनी रमेशचं नाव ओळखलं. अरे, नाव तू दिलंस, त्यांनी फक्त इस्त्री केली." मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते. इतका आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही झाला नव्हता.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग आईचा फोन आला.

आई शेजारणीबरोबर कात्रजला एका बाईंकडे जाऊ लागली होती. त्यांना गुरुताई म्हणतात. फ्लॅटमध्ये बसतात, फोनवर नंबर लावावा लागतो. गुरुताईंनी आईला सांगितलं होतं, "तुमचं एक माणूस पाणी ओलांडून शिकायला जातं. ते शिक्षण त्याला लाभणार नाही. जिवाला जप म्हणावं." आईने त्याच दिवशी ठरवलं की मी कॉलेज सोडून घरी यायचं. "वरीस गेलं तर जाऊ दे, आश्वे. जीव ऱ्हायला पायजेल." वडील नर्सरीत रोपांना पाणी घालतात. ते म्हणाले, "आई म्हणती तसं कर." पुढच्या रविवारी ते मला न्यायला येणार होते.

मी दुकानात जाऊन रडले. मास्टरांनी आधी रडू दिलं. मग म्हणाले, "पाणी ओलांडून शिकतं म्हणे. निम्मं पुणं रोज नदी ओलांडतं. त्या हिशेबाने सकाळी साडेनवाला डेक्कन रिकामं व्हायला पाहिजे." आणि लगेच उठले. "तुझ्या आईला सांग, शनिवारी मला पण त्या बाईंकडे जायचंय."

शनिवारी आई गावाहून आली. मास्टरांना मात्र मी ओळखलंच नाही. दुकानात गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या कपड्यांचा एक दांडा आहे. त्यावरचा निळा कोट त्यांनी चढवला होता. कोटाचा मालक तीन वर्षांपूर्वी 'उद्या येतो' म्हणून गेला होता. खिशात दोन पेनं, काखेत जाडजूड फाईल. फाईलमध्ये ब्लाउजचे कागदी पॅटर्न होते.

"तिला माप मिळू द्यायचं नाही असं नाही," बसमध्ये ते उत्साहाने कुजबुजले, "चुकीचं माप द्यायचं. आणि तुम्ही, वहिनी, आज मान हलवायची नाही."

"न्हाय हलवत," आई म्हणाली आणि मान हलवली.

फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत एक हसतमुख बाई सगळ्यांना पाणी देत होती. "लांबून आलात का काका? दमलेले दिसता." मास्टरांनी मोठा सुस्कारा सोडला. "काय सांगू बाई. मुलगा तिकडे, तारखा इकडे." बस, एवढंच. बाई रिकामे पेले घेऊन आत गेली.

आम्ही तिघं एकदमच आत बसलो. गुरुताई डोळे मिटून होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "परदेश दिसतोय. तुमचं रक्ताचं माणूस."

मास्टरांनी डोळ्याला रुमाल लावला.

"आणि कागद. खूप कागद. सरकारी जागेत अडकलेत."

मास्टर फाईल छातीशी धरून हुंदका आल्यासारखे हलले. मला माहीत होतं ते हसत होते. माझेही ओठ दाताखाली होते. या माणसाला मुलगा नाही, पासपोर्ट नाही, आणि आयुष्यात त्यांनी कोर्टाची इमारत पाहिली ती वकिलाचे डगले पोचवायला गेले तेव्हा. गुरुताईंनी निकाल मार्च महिन्यात तुमच्या बाजूने लागेल असं सांगितलं, आणि आम्ही बाहेर पडलो.

जिना उतरताच मास्टर आईकडे वळले. चेहरा नुसता फुलला होता. "बघितलं वहिनी? एक तरी गोष्ट माझी होती का?"

आई विचार करत होती. मग म्हणाली, "न्हवती. पर कोट तुमचा न्हाय ना? त्या कोटवाल्याचं बराबर सांगितलं असंल. त्याचा पोरगा असंल की परदेशात. म्हणून तर कोट न्यायला आला न्हाय."

मास्टरांनी एकदा कोटाकडे पाहिलं आणि ते बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले.

बसस्टॉपवर आम्ही तिघं बसलो. शनिवारची गर्दी होती, बस येत नव्हती. उद्या वडील येणार होते. वरच्या खोलीत माझी पेटी भरलेली होती. मी समोरच्या रिक्षा मोजत बसले.

मास्टरांनी कोट काढून त्याची नीट घडी केली. मग आईकडे न बघता म्हणाले, "मला एक मुलगी आहे, वहिनी. नसरीन. नर्सिंगला नंबर लागला होता तिचा, मिरजेला."

आई त्यांच्याकडे पाहू लागली.

"माझं एक गिऱ्हाईक होतं. लोकांना पुढचं सांगायचं. त्याचे कुर्ते मीच शिवायचो. एकदा तो डोळे मिटून मला म्हणाला, मास्टर, तुमची मुलगी मला पांढऱ्या कपड्यांत दिसते. लांब पाठवू नका." त्यांनी कोटाची घडी पुन्हा सारखी केली. "पांढऱ्या कपड्यांत. मला एकच पांढरं कापड आठवलं. मी तिला पाठवलं नाही. पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं, नगरला."

"मग?"

"मग काय. लग्नानंतर कपाट आवरताना तिचा गणवेश हाताला लागला. पांढरा. मीच शिवलेला. तो माणूस ट्रायलला यायचा तेव्हा समोर हँगरला टांगलेला असायचा. वर मीच बडबडलो होतो, नंबर कुठे लागला, कधी जायचंय, कॉलर कशी पाहिजे. त्याने माझंच मला सांगितलं. आणि मी माझ्या पोरीचं ऐकलं नाही. तीन दिवस जेवली नव्हती ती."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्या पाणी देणाऱ्या बाईला मीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पोरगी पुण्यात ऱ्हाती, डेक्कनला जाती. जिवाला घोर लागतो म्हणून पण मीच सांगितलं." मग माझ्याकडे वळून, जणू बाजाराची पिशवी हातात द्यावी तसं म्हणाली, "तू ऱ्हा हितंच. तुझ्या बापाला मी सांगते. घोर लागतो तो माझा मला लागू दे."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि मास्टरांना विचारलं, "हे लेकीला कधी बोललात का, गणवेशाचं?"

"नाही. ईदला फोन येतो तिचा. तब्येत विचारते, मी पोरांची विचारतो. झालं."

"आता लावा."

मास्टरांनी मोबाईल काढला, नंबर समोर आणला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू शिकतेस ना मनाचं. पहिलं वाक्य काय बोलायचं?"

मी दोन वर्षांत जे काही शिकले होते ते सगळं आठवून पाहिलं. त्यात पहिलं वाक्य कुठेच नव्हतं.

"नावानं हाक मारा आधी," आई म्हणाली. "फुडचं सुचंल."

त्यांनी फोन कानाला लावला. तिकडून कोणीतरी "हां अब्बा?" म्हणालं, थोडं घाबरून, कारण आज ईद नव्हती.

"नसरीन," मास्टर म्हणाले आणि थांबले.

तेवढ्यात आमची बस आली. आईने हाताने खूण करून ती पुढे जाऊ दिली.