धाकूकाकांचं विकाऊ शेत

धाकूकाकांची जमीन बघायला येणाऱ्याला आधी पायातलं काढावं लागे. मग तो मुंबईचा शेठ असो, नाहीतर खालापूरचा वकील. बांधापाशी काका हात आडवा धरत आणि म्हणत, "वहाणा तिथं जांभळीखाली. तिला पायताण खपत नाय." ती म्हणजे त्यांची जमीन. एका वकिलानं तळपायाला कुरूप असल्याचं सांगितलं, तर काका म्हणाले, "मग मी इथूनच वर्णन करतो," आणि त्याला भर उन्हात तासभर उभं केलं.

माझं शेत त्यांच्या बांधाला लागून आणि कशेळ्याच्या बाजारात माझं किराण्याचं दुकान, त्यामुळे हा खेळ मी दोन्हीकडून पाहिला. गिऱ्हाईक आधी दुकानात येऊन काकांचं घर विचारायचं, आणि संध्याकाळी मातीनं भरलेले पाय घेऊन, कपाळाला आठ्या घालून परत जायचं.

युद्धाची वर्षं होती ती. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई, भात महाग झालेलं, आणि ज्यांच्या हातात पैसा खुळखुळत होता ते सगळे कर्जत-खालापुरात जमिनी शोधत हिंडत होते. कालपर्यंत ज्या खाचराकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्या बांधावर मोटार थांबायला लागली. माझ्या दुकानाच्या फळीवर दुसरा विषयच नव्हता. हा भाव टिकणार का? कोण म्हणे युद्ध संपेपर्यंत, कोण म्हणे अजून दुप्पट होईल. ज्यानं विकली तो हळहळत होता आणि ज्यानं नाही विकली त्याला झोप नव्हती.

सगळ्यांत जास्त घोर धाकूकाकांना. रोज तंबाखूची पुडी घेताना विचारायचे, "यशवंता, भाव टिकंल ना रं?"

गंमत अशी की काकांना विकायचीच नव्हती. म्हणजे तोंडानं ते तयार. जमीन विकायची आहे ही बातमी पंचक्रोशीत त्यांनीच पसरवली होती. पण गिऱ्हाईक जो भाव म्हणेल त्याच्यावर हे चढायचे. ते वर आलं की हे आणखी वर. मधल्या वेळात गुळाचा चहा व्हायचा, जमिनीचं गुणगान व्हायचं, आणि शेवटी भांडून निघालेल्या माणसालासुद्धा काका सर्व्हिस मोटारीपर्यंत पोचवायला जायचे.

"काका, विकायची नसेल तर सरळ नाय म्हणा ना," मी एकदा म्हटलं.

"नाय म्हटलं तर येईल कोण रं?"

मला वाटलं, म्हातारा एकटा आहे, करमणूक करून घेतोय. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एकच, गोपाळ. तो बापाशी भांडून मुंबईला निघून गेलेला. तो निघाला तेव्हा काका म्हणाले होते, "या बांधावर परत पाय ठेवू नको." पोरगा बापाच्याच वळणाचा, त्यानं ठेवला नाही. कुठं राहतो, काय करतो, काही पत्ता नव्हता. त्याचं नाव काकांसमोर काढायची सोय नव्हती.

काकांची दुसरी खोड राबाची. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात जमिनीचा एक तुकडा भाजून ठेवतात. शेण, डहाळ्या, गवत, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. मग पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी फेकायचं. हा राब. काकांच्यानं एकट्यानं लावणी व्हायची जेमतेम अर्ध्या जमिनीची, पण राब भाजायचे सगळ्या जमिनीला पुरेल एवढा. उरलेलं रोप मला देऊन टाकायचे. मी फुकटचं कशाला सोडतो? तरी एकदा न राहवून म्हटलं, "काका, एवढी मरमर कशाला? अर्धाच भाजा."

"अर्धा राब बरा दिसत नाय," काका म्हणाले.

एका वैशाखात मात्र घोळ झाला. मुंबईच्या गोदीजवळ वखार असलेले एक शेठ आले. माणूस मऊ बोलणारा. सांगायच्या आत त्यांनी पंपशू काढून जांभळीखाली ठेवले. काका तिथंच जरा गडबडले. शेठनी सगळं गुणगान शांतपणे ऐकून घेतलं, आणि काकांनी सवयीप्रमाणे अचाट भाव सांगितला तसे म्हणाले, "ठीक आहे. दिला. पुढच्या आठवड्यात विसार घेऊन येतो."

काका दुकानात आले ते तंबाखू न मागता पोत्यावर बसले. चेहरा पार उतरलेला. "यशवंता, हो म्हणाला रं तो."

"मग आता नाय सांगा."

"भाव माझ्याच तोंडून गेलाय. मला फिरता येत नाय. त्यानं मोडलं तर गोष्ट येगळी."

म्हणजे शेठनीच मोडायला हवं. मग मी तोड काढली. "ते आले की जमिनीला नावं ठेवा. खेकड्यांनी बांध पोखरलेत म्हणा. पाणी ठरत नाय म्हणा." काकांनी आठवडाभर पाठांतर केलं. माझ्या बायकोला म्हणून दाखवलं. तिचं मत पडलं की जमलंय बरं, पण फार रडवेलं वाटतंय.

शेठ आले तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. बांधावर उभं राहून शेठनी आपण होऊनच विचारलं, "काका, खरं सांगा, हिच्यात काही खोट आहे का?"

काकांनी माझ्याकडं बघितलं, घसा साफ केला. "चिंबोऱ्या हायत. बांध पोखरतात."

मी मनात म्हटलं, शाब्बास.

"पर चव अशी शेठ, की तशी चिंबोरी कर्जत तालुक्यात गावायची नाय. हिचं भात खाऊन पोसलेली."

मी खोकलो.

"आणि पाणी ठरत नाय," काका म्हणाले. पण ते त्यांना सोसलं नाही. "म्हणजे दुसऱ्यांच्या खाचरात ठरत नाय. ह्या यशवंताचं बघा, दसऱ्याला कोरडं ठाक. हिच्यात दिवाळीपर्यंत पाय बुडतो."

माझ्या शेताची फुकट नाचक्की झाली, आणि सौदा होता तिथंच. मी कपाळाला हात लावला.

शेठ हसत पुढं गेले आणि थांबले. "हे काळं काय?"

समोर राब होता. कालच भाजलेला, अजून धुराचा वास येत होता. नेहमीसारखाच, सगळ्या जमिनीला पुरेल एवढा.

"राब हाय. रोपासाठी," काका म्हणाले.

"पण काका, जमीन तर मी घेतोय. मग हे रोप लावणार कोण?"

मी बघतच राहिलो. ज्या आठवड्यात हा माणूस माझ्या बायकोपुढं जमिनीला नावं ठेवायचं पाठ करत होता, त्याच आठवड्यात त्यानं डहाळ्या तोडून हा थोरला राब भाजला होता. विकलेल्या जमिनीत!

काका राखेकडं बघत म्हणाले, "शेठ, तुमचं येणंजाणं गोदीकडं असतंय ना? तिथं गोपाळ म्हणून कोण दिसतो का? उंच हाय. डाव्या भुवईवर खोक हाय, लहानपणी विळा लागलेला. लावणीला त्याचा हात माझ्या दुप्पट चालतो. तो आला आणि रोप कमी पडलं, तर त्याला काय वाटंल?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तो चहा, तो चढता भाव, ते मोटारीपर्यंत पोचवायला जाणं. मुंबईच्या प्रत्येक माणसाला वाटेत ते हेच विचारत असणार. गावात विचारायची लाज, आणि मुंबईत जाऊन शोधणार तरी कुठं? म्हणून भाव होता तोवर त्यांनी मुंबईच बांधावर बोलावून घेतली होती. भाव पडला की मोटारी यायच्या बंद, आणि विचारणंही बंद.

शेठ जांभळीखाली गेले आणि पंपशू घातले. "काका, सौदा मी मोडतोय," ते म्हणाले. "तुम्ही नाही, मी. तुमचा शब्द शाबूत आहे." मोटारीत बसताना त्यांनी परत विचारलं, "डावीच भुवई ना?"

ऐन लावणीत मी गुडघाभर चिखलात असताना जांभळीपाशी एक उंच माणूस दिसला. त्यानं वहाणा काढून झाडाखाली ठेवल्या आणि बांधाच्या अलीकडं येऊन थांबला. पुढं पाय टाकेना. काका वाकून रोप लावत होते. त्यांनी मान वर केली, पुष्कळ वेळ बघितलं, आणि म्हणाले, "उभा काय ऱ्हायलास? रोप वाढून चाललंय."

गोपाळ बांध ओलांडून चिखलात उतरला. त्या वर्षी मला मूठभरही रोप मिळालं नाही. दुसऱ्या गावाहून डोक्यावर वाहून आणावं लागलं, आणि तरी मी इतका खुशीत होतो की बायकोनं विचारलं, काय झालंय तुम्हाला?

पुढं युद्ध संपलं. कुळकायद्याची बोलणी सुरू झाली, मुंबईच्या शेठांनी पाठ फिरवली, आणि जमिनीचे भाव उतरले. फळीवर सगळे सुतकी चेहरे करून बसले होते, तेवढ्यात धाकूकाका आले आणि त्यांनी तंबाखूच्या दोन पुड्या मागितल्या.

"दोन?"

"एक गोपाळाला. खातो चोरून, त्याला वाटतंय मला ठावं नाय. त्याच्या कोनाड्यात ठेवून देतो."

मी पुड्या बांधल्या आणि मुद्दाम म्हटलं, "काका, भाव काय टिकला नाय हो शेवटी."

काकांनी पुड्या कनवटीला लावल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"कसला रं भाव?"