शेखमामा हनोईला सुटले

शेखमामा घरातून निघत नाहीत, सुटतात. "नऊ वीसला सुटतो," म्हणाले की नऊ वीसला सुटणारच, मग समोरचा चहा अर्धा राहो नाहीतर ताट. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी आमच्या वडिलांना बाजूला घेऊन गंभीरपणे कळवलं होतं, "नवरदेव पंचवीस मिनिटं लेट हाय. वाटेत टाइम भरून काढंल असं वाटत न्हाई." वडील आधीच घामाघूम. त्यांनी नुसते हात जोडले.

मामा एकतीस वर्षं शिरूर डेपोत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. नगर, नाशिक, सोलापूर, लातूर. या माणसाने अर्धा महाराष्ट्र गाडीत बसवून दिला आणि स्वतः पुण्याच्या पुढे कधी गेला नाही. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान स्टँडच्या समोर आहे, त्यामुळे शेजारी म्हणून आणि दुकानदार म्हणून, दोन्हीकडून त्यांचं ऐकून घेणं माझ्या नशिबी आलं.

गेल्या हिवाळ्यात ते दुकानात आले आणि म्हणाले, "संतोष, हनोईचं तिकीट काढ. आन् ऱ्हायला ती बॅकपॅकरची जागा बघ. एका खोलीत आठ जण झोपत्यात ती."

"मामा, तुमचं वय साठ आहे."

"मग? अपर बर्थ नको म्हणून सांग."

"आणि रुबिना आहे ना तिथं? तिच्याकडं राहा की."

"तिला कळवायचं न्हाई. चार दिवस तरी न्हाई. तू पण कळवायचं न्हाई."

रुबिना ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती सातवीत असताना आई गेली, मामांनी एकट्याने वाढवली. बी. फार्म. झाली, दौंडला खोली घेऊन दोन वर्षं कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्ट केल्या, आणि मग थेट व्हिएतनामला, हनोईच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. मामा म्हणाले, "एकटी पोरगी, अनोळखी शहर, जायचं न्हाई." ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही शिरूरच्या पुढं काय बघितलंय?" ती गेली. मामा विमानतळावर गेले नाहीत. पहिले चार दिवस तिचे फोन आले, तेही उचलले नाहीत. नंतर तिनेही फोन करणं सोडलं. याला तीन वर्षं झाली. कुणी विचारलं तर मामा सांगतात, "डेपोत रेंज नव्हती." माझं दुकान डेपोसमोरच आहे. रेंजचं मला माहीत आहे.

तर मामा सुटले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये शेंगदाण्याची चटणी, दोन शर्ट आणि डेपोतली शिट्टी.

पहिल्या दिवशी फोन आला. त्या बॅकपॅकरच्या जागेत पोचल्या पोचल्या त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं होतं, "व्हेअर इज स्टँड?" आपल्याकडे स्टँड म्हटलं की एकच स्टँड. त्या बिचारीने आधी मोबाइल ठेवायचा स्टँड दिला. मामांनी मान हलवली, तर आतून कपडे वाळत घालायचा स्टँड ओढत आणला.

"मग काय केलंत?"

"त्यावर टॉवेल टाकला. पोरीला नाराज कशाला करायचं?"

दुसऱ्या दिवशी रस्ता. "पाऊण तास उभा व्हतो, संतोष. स्कूटरी थांबतच न्हाईत. आपला नगर रोड परवडला. मग शिट्टी वाजवली."

"मग?"

"पोलीस आला."

"मग?"

"हाताला धरून पलीकडं नेलं त्यानं. चांगला माणूस व्हता."

तिसऱ्या दिवशी त्यांना स्टँड सापडला. मग सकाळपासून सिटी बसने या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. गाड्या वेळेवर सुटतात, ड्रायव्हर सिग्नलला थांबतो, असा सगळा अहवाल त्यांनी मला दिला. आणि शेवटी सहज सांगावं तसं म्हणाले, "रुबिना मी बसलेल्या गाडीतच चढली. तिच्या लॅबच्या थांब्यावर. मी टोपी खाली वढली. केस कापलेत तिनं. बारीक झाली हाय."

"बोललात का?"

"अजून चार दिवस कुठं झालेत?"

मी वैतागलो. म्हटलं, "मामा, पोरगी दोन सीट पुढं बसलेली आणि तुम्ही कसले दिवस मोजताय?" त्यांनी फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा दुकानात परीक्षेच्या फॉर्मची गर्दी होती. मी तो बाजूला ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. पाचव्या दिवशी सकाळी शटर उघडल्यावर मीच लावला.

"काल फोन लावला व्हता," मामा म्हणाले.

"गिऱ्हाईक होतं, मामा."

"व्हय. तिचे फोन यायचे तवा मी पण ड्युटीवर व्हतो."

मग मामा बोलत राहिले. "काल दिवसभरात माझं नाव कुणी घेतलं न्हाई. आठ माणसांची खोली, पन ज्याचं तोंड त्याच्या मोबाइलमधी. रुबिनानं मला तवा आठ येळा फोन लावला व्हता, संतोष. मी फोन हातात घिऊन बघत बसायचो. उचलला असता तर 'परत ये' म्हणलो असतो. आन् ती आली असती."

"जावा की मग आता तिच्याकडं."

"समोर गेलो आन् तिनं वळख दिली न्हाई तर?"

मी शब्द दिला होता, पण असला शब्द पाळून काय करायचंय. फोन ठेवला आणि रुबिनाला त्या जागेचा पत्ता पाठवला. खाली लिहिलं, अब्बा पाच दिवसांपासून इथं आहेत.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. दोघे त्या आठ जणांच्या खोलीत, खालच्या बर्थवर शेजारी शेजारी बसले होते. रुबिनाचे डोळे सुजले होते. "दादा, तुम्हीच सांगा यांना. माझ्या खोलीवर चला म्हणते, तर ऐकत नाहीत."

मामांनी फोन स्वतःकडे वळवला. "मी फोन उचलला न्हाई ते हिचे पहिले चार दिवस इथं एकटीनं कसे गेले ते बघायला आलो व्हतो. आता ही म्हणती, चार न्हाई, पहिला महिनाभर रडत व्हती. माझं परतीचं तिकीट पुढं ढकल."

"ढकलतो मामा. पण राहा तरी तिच्या घरी."

"तिला तवा इथं कुणाचं घर व्हतं?"

रुबिनाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी कॉम्प्युटर चालू केला आणि तिकीट महिनाभर पुढं ढकललं.