ताटे अडकित्तेवाल्यांची पाच खाती

बबनराव ताटे यांनी आपल्या डोमेनवर उघडलेली पाचही ईमेल खाती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वळकट्या घेऊन कारखान्याच्या दारात हजर झाली. शालनबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि चहाला पाच कप पाणी जास्त टाकलं.

कारखाना म्हणजे बार्शीतल्या घराची पुढची खोली. तिथे अडकित्ते होत, आणि ते करणारे, विकणारे, कुरकुरले तर दुरुस्त करणारे बबनराव एकटेच. पण वेबसाइट करून देणाऱ्यानं पाच खाती मिळतील म्हटलं, आणि मिळतंय ते सोडायचं नाही हा ताट्यांचा कुळाचार. शिवाय परगावच्या माणसाला वाटावं, केवढी कंपनी आहे. म्हणून त्यांनी चौकशी, विक्री, तक्रार, मनुष्यबळ आणि संचालक अशी खाती उघडली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे त्यांना स्वतःलाही कळत होतं. कळून त्यांनी काहीच केलं नाही.

चौकशीचं खातं समजूतदार होतं. त्यानं सांगितलं की वेबसाइट म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू, टपाल तिथे येत नाही. डोमेनच्या नावावर एक नोंद असते, की आमचं टपाल अमुक सर्व्हरवर टाका. सर्व्हर मग ॲटच्या अलीकडचं नाव वाचतो. त्या नावाचं खातं असेल तर पत्र त्याच्या हवाली करतो, नाहीतर आल्या वाटेनं परत पाठवतो.

"पण पत्र मालकाचंच असेल तर?" बबनरावांनी विचारलं.

"मालक कोण ते त्याला ठाऊक नसतं. त्याच्याकडे यादी असते."

बबनरावांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नाही की ते अशीच मान डोलावत.

पाचांत त्यांचा जीव जडला तो संचालकावर. ते खातं इस्त्रीचा सफारी घालून आलं होतं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत काही न करता बसे. ते आत आलं की बबनराव हातोडी खाली ठेवून उभे राहत. आपल्याच खोलीत आपण कोणासाठी उभे राहतोय, हे त्यांना तिसऱ्या दिवशी उमगलं, तरी सवय सुटली नाही.

मग एका दुपारी निपाणीहून वहिनींचा फोन आला. बबनरावांचे थोरले भाऊ, अण्णा, त्यांच्याशी नऊ वर्षं बोलत नव्हते. वडिलांची ऐरण कोणी नेली यावरून ते बिनसलं होतं. वेबसाइटवर ताटे नाव बघून अण्णांना उमाळा आला आणि त्यांनी धाकट्याला मेल लिहिला. ॲटच्या अलीकडे साधं 'बबन' लिहिलं. भावाला काय म्हणून कोणी संचालक म्हणतं?

"भावजी, तो परत आला," वहिनी म्हणाल्या. "वर लिहिलं होतं, या नावाचं इथं कोणी नाही. ह्यांनी दोनदा वाचलं आन् म्हणाले, असंल."

वहिनींनी अण्णांना कसंबसं तयार केलं होतं. संध्याकाळी सहाला ते पुन्हा एकदाच पाठवणार होते. परत आला तर विषय संपला.

बबनराव उठून खात्यांकडे गेले. त्यांनी खात्यांसमोर हात जोडले. तक्रारीनं त्यांची तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक दिला, एक. विक्री म्हणाली, बबनच्या नावाचं पत्र मी घेईन, पण ते माझ्या पेटीत पडेल आणि आधी मी वाचेन. नऊ वर्षांनी आलेलं भावाचं पत्र आधी विक्रीनं वाचावं, हे त्यांना सोसवेना. मनुष्यबळानं यादी तपासली. बबन ताटे नावाचं इथे कोणी नव्हतं, आणि पाचाच्या वर जागा नव्हती.

"एकाला जावं लागेल," ते म्हणालं. "कोणाला, ते तुम्ही सांगा."

कामाची तेवढी चार होती. बबनराव खिडकीकडे बघू लागले. तो सफारी, ती मांडीवरची घडी, हे सगळं आपणच आपल्यासाठी हौसेनं शिवून घेतलं होतं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. वेड्यागत, आणि तेही बायकोसमोर.

संचालकाच्या खात्यानं ओळखलं. ते उठलं आणि वळकटी बांधू लागलं. दाराशी ते थांबलं.

"मला इथे एकच पत्र आलं. तुमचंच. 'चाचणी. मिळालं का?' उत्तर द्यायचं राहून गेलं." त्यानं वळकटी काखेत घेतली. "मिळालं."

बबनराव शेवटचे उभे राहिले.

पावणेसहाला मनुष्यबळानं त्यांचं नाव यादीत चढवलं आणि त्यांच्याकडून पासवर्ड पाठ म्हणून घेतला. बबनराव खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले. सहाला पत्र आलं आणि त्यांच्याच हातात पडलं.

'बबन, ऐरण मीच नेली. गंज चढलाय. येऊन बघ. अण्णा.'

त्यांनी ते चारदा वाचलं. मग चपला घालू लागले, तर मनुष्यबळानं रजेचा अर्ज पुढे केला. खात्याला असं उठून जाता येत नाही. बबनरावांनी अर्ज भरला, कारणाच्या रकान्यात 'ऐरण' लिहिलं. चार दिवसांची रजा मंजूर झाली.

त्या चार दिवसांत त्यांच्या नावे जे कोणी लिहिलं, त्याला सर्व्हरनं लगोलग उत्तर दिलं: बबन ताटे इथेच असतात. सध्या भावाकडे गेले आहेत.