एकादशीचा भूगोल

तेंडोलकरबाई आम्हाला भूगोल शिकवायच्या, पण फक्त सोमवारी आणि एकादशीला. बाकीच्या दिवशी भूगोलाच्या तासाला त्या खुर्चीत बसून मुलींकडून डोक्यातले पांढरे केस काढून घ्यायच्या. सोमवारी आणि एकादशीला केस काढू नयेत असं त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या दिवशी नाइलाजानं शिकवणं व्हायचं. त्यामुळे आमच्या वर्गाला खंड आणि महासागर आले नाहीत तरी तिथी पाठ होत्या. कधी एकादशी सोमवारीच आली, तर एक भूगोल वाचला म्हणून आम्ही खूश व्हायचो.

हे एक्याऐंशी साल. मालाड पूर्वेला, आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर शाळा. मी आठवीत होते. बाई तेव्हा पन्नाशीच्या. उंच, ताठ, कमरेपर्यंत वेणी, इस्त्रीची सुती साडी आणि हातात हजेरीचा कॅटलॉग. त्या कॅटलॉगला काळ्या पुठ्ठ्याचं कव्हर होतं. ते काळंच का, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. काढलेला पांढरा केस त्यावर नीट दिसतो.

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलींना हात पुढे करायला सांगितले. आम्हाला वाटलं नखं बघतायत. पण त्या एकेकीची बोटं स्वतःच्या कपाळाला लावून बघत होत्या. एकीला म्हणाल्या, “तुझी बोटं बर्फ आहेत गं, जा.” दुसरीला म्हणाल्या, “तू उपटत नाहीस, तू खणतेस.” माझी बोटं लावली आणि डोळे मिटले. “हिचा हात हलका आहे. काय नाव तुझं? शैला सावंत? बरं. तू माझ्या मागे.”

झालं. त्या दिवसापासून दीड वर्ष मी तेंडोलकरबाईंच्या मागे होते.

बाईंच्या हिशेबात पांढरा केस म्हणजे पाहुणा आणि काळा म्हणजे घरचा. “आज पाहुणे फार आलेत,” म्हणत त्या खुर्चीत बसायच्या आणि वेणी सोडायच्या. चुकून काळा केस निघाला की लाकडी पट्टीचा फटका बोटांवर. “घरचं माणूस बाहेर काढलंस.” फटका जोरात नसायचा, पण पट्टी ती पट्टीच. तास संपला की त्या पुठ्ठ्यावरचे केस फुंकर मारून खिडकीबाहेर उडवायच्या आणि म्हणायच्या, “जा बाबांनो, सुखरूप जा.”

वर्ग चालायचा तो पाटकरच्या जिवावर. पाटकरचा आवाज खणखणीत, म्हणून त्यानं उभं राहून पुस्तकातला धडा वाचायचा. बाई डोळे मिटून म्हणायच्या, “वाच, मी ऐकते आहे.” त्या ऐकत नाहीत हे पाटकरनं आठवडाभरात ओळखलं. मोसमी वारे वाचता वाचता तो त्याच सुरात क्रिकेटच्या कॉमेंट्रीत शिरायचा. नैर्ऋत्येकडून येणारा वारा पश्चिम घाटाला अडतो आणि चेंडू सीमारेषेपार. वर्ग तोंडात रुमाल कोंबून बसलेला. बाई म्हणायच्या, “हं, पुढे.”

आज हे कुणाला सांगितलं तर विचारतात, कोणी तक्रार कशी केली नाही? कशाची करणार? आमचे गणिताचे सर डस्टर फेकून मारायचे आणि नेम चुकला तर पोराकडूनच परत मागायचे. पीटीचे सर किल्ल्यांचा जुडगा डोक्यात घालायचे. खुद्द हेडसरांचा रॉकेलचा कॅन आठवीतली मुलं लायनीत उभं राहून भरून आणायची. हे सगळं शाळेतच धरलेलं होतं, घंटा आणि प्रार्थना धरतात तसं. त्यात बाईंचं केस काढून घेणं तर अगदी सौम्य वाटायचं.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. वर्गातली पोरं मला ‘चिमटा’ म्हणायची, त्याचा राग यायचा. बोटं दुखायची, तेलकट व्हायची, पुढच्या तासाला वहीवर डाग पडायचे. पण बाई मला प्रश्न विचारत नसत, माझी वही तपासत नसत. शिवाय त्या डोळे मिटून माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या. “आमच्याकडे काल वालाचं बिरडं केलं होतं. आमच्याकडे खोबरं जरा जास्तच लागतं.” त्यांच्या त्या ‘आमच्याकडे’वरून मला वाटायचं, दहिसरला बाईंचं मोठं भरलेलं घर असणार.

तास संपताना मात्र एक गोष्ट रोज व्हायची. घंटा झाली की मी हात काढून घ्यायची आणि बाई तशाच बसून राहायच्या, डोळे मिटून, अजून कोणीतरी मागे आहे अशा. मग दुसऱ्या घंटेला दचकून उठायच्या. दिवसभरात त्यांना माणसाचा हात लागायचा तो एवढाच. हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. अर्धंमुर्धं कळलं होतं.

नववीच्या सहामाहीत मला भूगोलात पन्नासपैकी अकरा गुण पडले. प्रगतिपुस्तक सही करायला आईपुढे ठेवलं. आई वेंगुर्ल्याकडची, रागावली की तिची मुंबईची भाषा पार गळून पडायची.

“मुंबय खंय आसा, ता तरी म्हायत आसा मा तुका?”

मी म्हटलं, आम्हाला शिकवतच नाहीत. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. केसांचं ऐकल्यावर तिनं प्रगतिपुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “माका माझ्या डोक्याक त्याल लावूक येळ गावणा नाय. आणि माझा चेडू थंय त्या बायेचे केस काढता?”

दुसऱ्या दिवशी आई चांगली साडी नेसून शाळेत हजर. हेडसरांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला, बाई किती सीनियर आहेत ते सांगितलं. आईनं चहाला हात लावला नाही. जपून जपून म्हणाली, “साहेब, मुलीला आम्ही भूगोल शिकायला पाठवलं. केस काढायला घरी मी आहे.”

हेडसरांनी बाईंना बोलावलं आणि मलाही. खोलीत आई, हेडसर, बाई आणि मी. हेडसर रॉकेलवाले, त्यामुळे त्यांना हे प्रकरण वाढवायचं नव्हतं. ते अगदी मऊ आवाजात मला म्हणाले, “हे बघ शैला, बाई तुझ्याकडून केस काढून घेतात, बरोबर? तुला त्याचा त्रास व्हायचा का? व्हायचा असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण. जे खरं आहे ते.”

मी नाही म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. आई खोटी पडली असती, बाई उद्या पुन्हा खुर्चीत बसल्या असत्या. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मला पट्टी आठवली, चिमटा हे नाव आठवलं, अकरा गुण आठवले. मी म्हटलं, “हो. व्हायचा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे आलेली वेणी फक्त मागे टाकली आणि हेडसरांना म्हणाल्या, “मुलगी बरोबर बोलते आहे. यापुढे होणार नाही.”

झालं नाहीच. दुसऱ्या दिवशी मंगळवार, एकादशी नाही, तरी बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि खडू न उचलता एका रेषेत भारताचा नकाशा काढला. कच्छपासून सुरुवात केली आणि फिरून कच्छलाच आल्या. आम्ही आ वासून बघत राहिलो. बाईंना शिकवता येतं, आणि इतकं सुरेख येतं, याची शाळेत कोणालाच कल्पना नव्हती. पाटकरला तर आपली नोकरी गेल्यासारखं झालं. रोज धडा, रोज गृहपाठ, आठवड्याला चाचणी. पोरं मला मधल्या सुट्टीत घेरून म्हणायची, “काय यार शैला, वाट लावलीस सगळ्यांची.”

बाईंनी माझ्यावर डूख धरला नाही. वार्षिकला मला पन्नासपैकी चौतीस पडले आणि ते माझेच होते. पण हजेरीत नाव घेण्यापलीकडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि रोज त्यांच्यासमोर बसून मी त्यांचे केस पांढरे होताना बघत होते. दिवाळीनंतर भांगाशी एक बारीक रेघ दिसली. फेब्रुवारीत ती दोन बोटं रुंद झाली. दहावीला सेंड-ऑफच्या फोटोत बाईंचं अर्धं डोकं पांढरं आहे आणि त्यांच्या शेजारी कोणी चिकटून उभं नाही. मला वाईट वाटायचं. आपण खरं बोललो तरी वाईट का वाटतं, याचाही राग यायचा.

एक सांगून ठेवते. आज माझ्या मुलीला कोणी शिक्षिकेनं असं मागे उभं केलं, तर मी आईपेक्षा मोठा तमाशा करीन. मुलं आपली पोकळी भरायला नसतात. बाई चुकत होत्या यात मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही.

एकोणनव्वद साली मी डी.एड. होऊन बोरिवलीच्या एका शाळेत लागले. पेढे वाटताना बाईंची आठवण झाली. त्या त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. शाळेच्या शिपायाकडून पत्ता घेतला आणि एका रविवारी दुपारी दहिसरला गेले. नदीजवळच्या जुन्या बैठ्या चाळीत शेवटची खोली. बाईंनी दार उघडलं. डोकं पार पांढरं झालेलं, वेणी तशीच लांब.

“शैला सावंत,” त्या म्हणाल्या. “ये. चप्पल आत घे, कुत्रं नेतं.”

आत एक कॉट, एक खुर्ची, मोरीत घासलेलं एकच ताट. त्या ‘आमच्याकडे’ दुसरं कोणी कधी नव्हतंच. मी पेढे दिले, नोकरीचं सांगितलं. त्यांनी वर्गात किती मुलं, भूगोल मिळाला का, असं सगळं विचारलं. मग मी म्हटलं, “बाई, त्या दिवशी हेडसरांच्या खोलीत मी...”

“खरं बोललीस. मी करत होते ते वाईट होतं,” बाई म्हणाल्या. “पट्टीपण मारायची मी. शोभलं नाही ते मला.” मग पेढ्याचा खोका उगाच सरळ करत म्हणाल्या, “पण मी तरी कोणाला सांगणार होते, माझ्या डोक्यावर हात ठेव म्हणून? आपण रोज आपलं डोकं धुतो, विंचरतो. पण आपलाच हात आपल्याला लागला तर काही कळतच नाही गं.”

माझ्या घरात तेव्हा आई, बाबा, दोन भाऊ, जाता-येता कोणी ना कोणी टपली मारून जायचं. मी उठून खुर्ची दारातल्या उजेडात ओढली. “बसा बाई.”

“आता काय काढतेस? सगळंच पांढरं,” त्या म्हणाल्या. मग खुर्चीजवळ आल्या. “काळे काढ हवं तर. ते थोडे आहेत. तुझा वेळ जायचा नाही.”

त्या बसल्या. मी वेणी सोडली. मानेजवळ काळे केस पंधरा-वीस असतील. मी त्यातल्या एकालाही धक्का लावला नाही, नुसती बोटं फिरवत राहिले. बाईंचे डोळे मिटले, मान हळूहळू मागे, माझ्या हातावर आली.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “झाले का गं?”

“नाही बाई,” मी म्हटलं. “अजून पुष्कळ आहेत.”